मदत मागण्याचे ओझे रुग्णाच्याच डोक्यावर का?

नैराश्याविषयी आता पूर्वीपेक्षा पुष्कळ मोकळेपणाने बोलले जाते, आणि त्या बोलण्याचा सगळा भर बहुतेक वेळा एकाच सल्ल्यावर येऊन ठेपतो: मनात साठवून ठेवू नका, बोलते व्हा, मदत मागा. हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि त्यामुळे काही जणांचे पाऊल उपचारांकडे वळलेही असेल. तरी त्यात एक गृहीत दडलेले आहे. आजारी माणसाजवळ मदत मागण्याची शक्ती शाबूत आहे, केवळ लाज किंवा संकोच आड येतो, आणि तो दूर झाला की तो आपणहून आपल्या दाराशी येईल, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. नैराश्य माणसाकडून जे जे हिरावून घेते त्यात मदत मागण्याची शक्ती अगदी आरंभी जाते. म्हणून पहिले पाऊल रुग्णानेच टाकले पाहिजे अशा समजुतीवर उभी असलेली कोणतीही व्यवस्था, मग ती घरातली असो, दवाखान्यातली असो की नोकरीच्या ठिकाणची, सर्वांत जास्त आजारी असलेल्यांनाच बाहेर ठेवते.

निदानाचे निकष समोर ठेवून पाहिले तर हे लक्षात येते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये जे निकष निश्चित केले, त्यांचा गाभा आजही कायम आहे: नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे, सलग दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ, आणि त्या पाचांत उदास मन किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी एक तरी असलेच पाहिजे. बाकीची लक्षणे झोपेची, भुकेची, थकव्याची, हालचाली मंदावण्याची किंवा अस्वस्थ येरझाऱ्यांची, स्वतःला कवडीमोल किंवा अपराधी समजण्याची, एकाग्रता आणि निर्णयशक्ती उणावण्याची, आणि मरणाच्या विचारांची. आता यांतले एकेक लक्षण मदत मागण्याच्या कृतीशी ताडून पाहावे. ज्याला स्वतः कवडीमोल वाटतो तो दुसऱ्याचा वेळ कशाच्या बळावर मागेल? ज्याला निर्णय घेता येत नाही तो कोणत्या डॉक्टरांकडे जायचे हे कसे ठरवेल? ज्याला कशानेच फरक पडणार नाही अशी खात्री वाटते, त्याने उपचार घेण्याचे कारणच उरत नाही. आणि अपराधीपणा तर त्याला सतत सांगत असतो की हा आजार नाहीच, हा तुझा आळस आहे, तू ढोंग करतो आहेस.

बाहेरून पाहणाऱ्याला हे खरे वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने डॉक्टरांची वेळ घेणे हे दोन मिनिटांचे काम असते. त्या कामाचे तुकडे करून पाहिले म्हणजे अंतर कळते. आधी नंबर शोधायचा. तो सापडला तरी फोन हातात घेऊन बसायचे, कारण पलीकडून कोणी तरी ‘काय त्रास होतोय?’ असे विचारणार आणि त्याचे उत्तर तयार नसते. मग सकाळी फोन करू असे ठरते. पण पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागलेली नसते, आणि या आजारात पुष्कळांना सकाळचीच वेळ सर्वांत जड जाते. दुपारपर्यंत फोन न केल्याचा अपराध वाटू लागतो, संध्याकाळी थोडे हलके वाटते तेव्हा दवाखान्याची वेळ संपलेली असते, आणि थोडे हलके वाटले याचाच पुरावा करून मन म्हणते, बघ, तुला काही झालेले नाही. असे आठवडेच्या आठवडे निघून जातात. घरातल्यांना या काळात एवढेच दिसते की हा माणूस साधा एक फोन करत नाही.

आठवणींच्या बाबतीतही काहीसे असेच घडते, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांच्या स्मृतीवरचे संशोधन प्रसिद्ध केले. पुढे नैराश्याच्या रुग्णांतही तेच आढळले. अशा रुग्णाला ‘तुम्हाला आनंद झाला असा एखादा प्रसंग सांगा’ म्हटले तर तो ‘पूर्वी फिरायला जायचो तेव्हा बरे वाटायचे’ अशा प्रकारचे सर्वसाधारण उत्तर देतो. अमुक दिवशी, अमुक माणसाबरोबर, अमुक ठिकाणी, असा एक नेमका प्रसंग त्याच्या हाती लागत नाही. मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो. अडचणीतून वाट काढताना आपण सगळेच नकळत जुन्या प्रसंगांचा आधार घेतो: मागे असेच झाले होते, तेव्हा अमक्याला भेटलो, आणि त्यातून निभावलो. हा साठाच धूसर झाला तर ‘यातूनही बाहेर पडशील’ हे आश्वासन ऐकणाऱ्याला पोकळ वाटते. ते पडताळून पाहायला त्याच्यापाशी स्वतःचे काही उरलेले नसते.

एवढे सगळे ओलांडून माणूस दवाखान्यात पोहोचला, तरी तो तिथे नैराश्याविषयी बोलेलच असे नाही. पाच खंडांतील १४ देशांत सामान्य दवाखान्यांमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याचे निकष पूर्ण करणाऱ्या ११४६ रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्णांनी डॉक्टरांकडे येण्याचे कारण म्हणून केवळ शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. डोके दुखते, अंग मोडून येते, झोप नाही, अन्नावर वासना नाही, गळून गेल्यासारखे वाटते. यात लपवाछपवी नसते. या वेदना खऱ्याच असतात. त्याच अभ्यासात हेही दिसले की मनाविषयी थेट प्रश्न विचारले गेले तेव्हा यांतल्या बहुतेकांनी मानसिक लक्षणेही सांगितली. न विचारता ती कळली नसती. कोणी विचारणारा मात्र हवा, आणि विचारून झाल्यावर उत्तर ऐकण्याइतका वेळही हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात २८ कोटींहून अधिक लोकांना नैराश्य आहे, आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील ७५ टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. याचे खापर केवळ लोकांच्या संकोचावर फोडणे अन्यायाचे आहे. तज्ज्ञ कमी आहेत, अंतरे मोठी आहेत, खर्च परवडत नाही, आणि बोलते झालेल्या माणसाला पुढे जायला जागाच नाही अशी स्थिती कित्येक ठिकाणी आहे. बोला म्हणायचे आणि ऐकायला कोणी ठेवायचे नाही, हे मला क्रूरपणाचे वाटते.

मदतच रुग्णाकडे चालत गेली तर काय होते, हे अनेक ठिकाणी तपासून झालेले आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठ वर्षांवरील १८०१ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटासाठी दवाखान्यातच एक परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ नेमलेला होता. तो रुग्णाला स्वतः फोन करायचा, गोळ्या चालू आहेत का, त्रास होतो का, फरक पडला का हे विचारायचा, आणि फरक नसेल तर उपचार बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलायचा. वर्षाअखेरीस या गटातील ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १९ टक्के होते. नेहमीची औषधे दोन्ही गटांना उपलब्ध होती. मोठा फरक हा की पुढच्या पावलाची जबाबदारी रुग्णाच्या अंगावर सोडून दिलेली नव्हती.

झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे डिक्सन चिबांडा यांनी उभा केलेला उपक्रम याहून साधा आहे. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून, प्रशिक्षण दिलेल्या आणि बहुतांशी उतारवयातल्या स्त्रिया, समोरच्या माणसाच्या अडचणी ऐकून घेतात आणि त्यांतली एक निवडून तिच्यावर त्याच्यासोबत मार्ग काढतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर या गटातील सुमारे १४ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे उरली होती, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या घरात होते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही समुपदेशक हे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती, आणि ती गरज पडल्यास रुग्णाच्या घरीही जात. सहा ते आठ बैठकांच्या या उपचारानंतर, तिसऱ्या महिन्यात ६४ टक्के रुग्ण लक्षणांच्या उंबरठ्याखाली आले होते; इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. दोन्ही ठिकाणी रुग्ण बहुधा दुसऱ्याच कशासाठी तरी दवाखान्यात आलेले होते. त्यांनी मनाची तक्रार मांडण्याची वाट न पाहता त्यांना साधे, ठरलेले प्रश्न विचारले गेले, आणि तिथूनच उपचारांची सुरुवात झाली.

मला स्वतःला सर्वांत हलवून गेलेला प्रयोग मात्र जेरोम मोटो यांचा आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचा मागोवा घेतला. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना रुग्णालयातर्फे पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे जात राहिली. पत्रात काहीही मागितलेले नसायचे. तुम्ही येऊन गेलात त्याला बरेच दिवस झाले, तुमचे ठीक चालले असावे अशी आशा आहे, कळवावेसे वाटले तर आम्हाला आनंद होईल, एवढ्याच आशयाच्या दोन ओळी. ज्यांना ही पत्रे गेली त्यांच्यात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्येचे प्रमाण लक्षणीय कमी राहिले. पुढच्या काळात अशा उपक्रमांच्या सगळ्याच चाचण्यांत इतका स्पष्ट लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी उपचार नाकारलेल्या माणसाशी संबंध तोडून टाकू नये, हा त्या प्रयोगामागचा विचार मला आजही पटतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की सरसकट सगळ्यांना प्रश्नावल्या भरायला लावल्या तर साध्या दुःखालाही आजाराचे नाव मिळेल. जवळचे माणूस गेल्यावर येणारा शोक, नोकरी गेल्यावरची हताशा, या मानवी गोष्टी आहेत आणि त्यांना गोळीने उत्तर देणे चुकीचे ठरेल. कॅनडातील तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सरसकट चाळणीची शिफारस केली नाही, ती केवळ चाळणीने लाभ होतो असा पुरावा नाही या कारणाने. मला हा आक्षेप मान्य आहे. प्रश्नावली भरून घ्यायची आणि नंतर रुग्णाला वाऱ्यावर सोडायचे, याने कोणाचेच भले होत नाही. विचारण्यामागे ऐकणारा माणूस आणि पुढची वाट तयार असेल, तरच विचारावे. वर सांगितलेल्या चाचण्यांत ती तयारी होती.

दुसरा आक्षेप रुग्णाच्या स्वातंत्र्याचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. आजारी माणसाच्या आयुष्यात न बोलावता शिरण्याची मुभा एकदा दिली की ती हक्क गाजवण्याकडे सहज झुकते. मानसिक आजाराच्या नावाखाली लोकांना कोंडून ठेवण्याचा, त्यांचे म्हणणे न ऐकण्याचा इतिहास फार जुना नाही. म्हणून मदत पुढे नेणे आणि मदत लादणे यांतली रेषा डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागेल. प्रत्येक वेळी ‘नको’ म्हणता येईल, आणि ‘नको’ म्हटल्यावर राग, टोमणा किंवा अबोला वाट्याला येणार नाही, अशा रीतीने जो पुढे होतो त्यानेच पुढे व्हावे. जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हा हा नियम बदलतो. पण तेवढ्या अपवादाचा आधार घेऊन एरवीही बळजबरी करणे समर्थनीय ठरत नाही.

घरात हे कसे दिसेल? ‘काही लागलं तर सांग’ हे आपण सगळेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण त्या वाक्याने सारे काम पुन्हा आजारी माणसाकडेच जाते: काय लागते हे त्यानेच ओळखायचे, ते मागणे योग्य आहे का हे त्यानेच ठरवायचे, आणि शब्दही त्यानेच जुळवायचे. त्यापेक्षा ‘उद्या अकराची वेळ मी घेतलीय, तू हो म्हणालास तर मी दहाला येतो, वाटेत काही बोलायला नको’ हे कितीतरी सोपे पडते, कारण उत्तरात मान हलवली तरी भागते. ‘मन रमव’, ‘खंबीर हो’, ‘तुला काय कमी आहे’ या वाक्यांनी होणारे नुकसान आता पुष्कळांना कळू लागले आहे. मरणाच्या विचारांबद्दल मात्र अजूनही घरातली माणसे विचारायला धजत नाहीत. विचारले तर डोक्यात नसलेली कल्पना शिरेल अशी त्यांना भीती वाटते. संशोधन या भीतीला दुजोरा देत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर माणसाला एकटे सोडू नये, घातक वस्तू हाताशी राहू देऊ नयेत, आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी.

उपचार सुरू झाले की आपली कामगिरी संपली असे सोबतच्यांना वाटते, आणि खरी घसरण पुष्कळदा तिथेच होते. औषधांबद्दल टोकाची मते सगळीकडे ऐकू येतात. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे खोट्या गोळीपेक्षा (तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा) अधिक परिणामकारक ठरली, पण हा फरक सरासरीने माफक होता. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात जेमतेम एकतृतीयांश निघाले. म्हणजे औषधे उपयोगी आहेत, आणि पहिले औषध लागू न पडणे हेही नेहमीचेच आहे. ही दुसरी गोष्ट रुग्णाला आधी सांगितलेली नसते. शिवाय मळमळ, झोपेतील बदल, अस्वस्थता हे त्रास पहिल्या काही दिवसांतच जाणवतात आणि लाभ दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मधल्या काळात, कशानेच फरक पडणार नाही असे आधीच मानणाऱ्या माणसाच्या हाती फक्त त्रास असतो. तो गोळ्या बंद करतो आणि डॉक्टरांना कळवत नाही. पहिल्या दहा-बारा दिवसांत दवाखान्यातून एक फोन गेला, तर हे पुष्कळ अंशी टळू शकेल.

बोलण्यातून होणाऱ्या उपचारांपैकी मला विशेष पटणारा प्रकार हा, की मन तयार होण्याची वाट न पाहता लहान लहान कृती वेळ ठरवून करायच्या आणि त्यांचा मनावर काय परिणाम होतो याची नोंद ठेवायची. इंग्लंडमधील २०१६ च्या एका चाचणीत ही पद्धत कमी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी वापरली, तरी ती मुरलेल्या चिकित्सकांनी दिलेल्या, विचार बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारापेक्षा उणी पडली नाही. उत्साह आधी आणि कृती नंतर हा आपला नेहमीचा क्रम या आजारात उलटा करावा लागतो. पण पहिल्या कृतीसाठी सोबत लागते, आणि ती सोबत पुन्हा कोणी तरी देऊ करावी लागते.

नोकरीच्या ठिकाणी तर सारी व्यवस्थाच उलटी आहे. रजेसाठी अर्ज, प्रमाणपत्र, वरिष्ठांना खुलासा, अशी सगळी कामे ज्या एकाग्रतेच्या जोरावर होतात तीच गेलेली असते. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ दयाबुद्धीचा राहत नाही. परतण्याच्या वेळीही चूक होते. मनःस्थिती सुधारली तरी लक्ष लागणे, लक्षात राहणे आणि चटकन निर्णय घेणे या गोष्टी मागाहून येतात, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकला की माणूस स्वतःला नालायक ठरवायला मोकळा होतो. सुरुवातीला कमी तास, एका वेळी एकच काम, आणि ते वाढवण्याची तारीख आधी ठरलेली, एवढी सोय कोणत्याही कार्यालयाला अशक्य नाही.

शेवटी पुन्हा येण्याचा प्रश्न राहतो. नैराश्य एकदा येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ते आयुष्यात पुन्हा गाठते आणि प्रत्येक झटक्यागणिक ही शक्यता वाढते. म्हणूनच बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे आणि थांबवायचे झाल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू थांबवावे, असे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेऊन स्थिर असलेल्या ४७८ जणांच्या चाचणीत, औषध बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात आजार परतला, आणि चालू ठेवलेल्यांपैकीही ३९ टक्क्यांना. दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत: औषधाने धोका घटतो, संपत नाही.

स्वातंत्र्याच्या आक्षेपाला जे खरे उत्तर आहे ते याच बरेपणाच्या काळात मिळते. मन थाऱ्यावर असताना माणूस स्वतः सांगू शकतो की त्याची घसरण कशी सुरू होते: आधी झोप मोडते की आधी निरोपांना उत्तरे देणे थांबते, अंघोळ टळू लागते की जेवण. यांतले काय दिसले तर कोणी विचारायचे, डॉक्टरांना परस्पर फोन करण्याची परवानगी कोणाला, कार्यालयात कोणी आणि किती सांगायचे, कोणती गोष्ट कोणी कधीच करायची नाही, हेही त्यानेच ठरवायचे. त्यात नाव येणाऱ्याची संमती हवी, आणि एकाच माणसावर सगळे पडू नये म्हणून दोन-तीन नावे हवीत, कारण सोबत करणाराही थकतो आणि त्याचे थकणे समजून घेणारे कोणी नसते. ही बोलणी डॉक्टरांसमोर बसून व्हावीत, लिहून ठेवावीत, आणि तो कागद दर सहा महिन्यांनी पुन्हा वाचून, रुग्णाला हवे ते बदल करून, सगळ्यांकडे एकेक प्रत राहावी.